तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या बारीक तारांवर माणसाचं वजन कसं पेलतं?

मी सायकलची चाकं बांधतो. हब (चाकाचा मधला भाग), रिम (बाहेरचं कडं) आणि तारा सुट्या घेऊन हाताने जुळवतो. ते बघत उभा राहिलेला माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय सहसा जात नाही.

शंका रास्त आहे. साधी तार 2 मिलिमीटर जाड आणि सुमारे 30 सेंटिमीटर लांब. ती टेबलावर उभी धरून वरून दाबा, दोन किलोंचा भार पडायच्या आतच वाकेल. पण हीच तार दोन्ही टोकांनी ओढून तोडायची म्हटलं, तर चांगल्या पोलादाच्या तारेला अडीचशे किलोंहून जास्त ओढ लागते. दाबाला इतकी दुबळी आणि ताणाला इतकी चिवट!

बैलगाडीच्या चाकाचे आरे जाड लाकडाचे असतात, कारण तुंब्यावरचं, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी भागावरचं, ओझं खालचा आरा दाब सोसून जमिनीपर्यंत पोचवतो. सायकलच्या तारेला ते जमणार नाही. म्हणून चाक बांधतानाच निपल (तारेच्या रिमकडच्या टोकावरची छोटी चाकी) फिरवून प्रत्येक तार ताणून ठेवायची. चांगल्या चाकात एकेका तारेत 100 किलोंच्या आसपास ताण असतो, सायकलवर कुणी बसलेलं नसतानाही. 36 तारा हबला चहूबाजूंनी ओढत असतात आणि रिम आतल्या दिशेला आवळलेली असते.

आता तुम्ही बसलात. बऱ्याच जणांना वाटतं, हब वरच्या तारांना लटकतो आणि त्या जास्त ताणल्या जातात. प्रत्यक्षात वरच्या तारांच्या ताणात जेमतेम फरक पडतो. रिम जमिनीपाशी केसभर आत दबते आणि तिथल्या तीन-चार तारांचा ताण उतरतो. वरची ओढ जवळपास तशीच, खालची कमी. या फरकावर तुमचं वजन तोललं जातं. खालची तार अजूनही ताणलेलीच असते, फक्त आधीपेक्षा कमी. ताण शिल्लक आहे तोवर ती वाकण्याचा प्रश्नच येत नाही.

हे कानांनी ऐकता येतं. सायकल भिंतीला टेकवा आणि मागच्या चाकाची जमिनीलगतची तार रिमजवळ नखाने छेडा. मग कुणालातरी सीटवर बसवून तीच तार पुन्हा छेडा. स्वर उतरलेला ऐकू येईल. वरच्या तारेवर हेच केलंत तर फरक कळणं अवघड. मुलांना तर मी आधी हा प्रयोगच करायला लावतो. गणित मग आपोआप गळी उतरतं.

ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केलीने 1808 मध्ये मांडली, तीही विमानासाठी हलकं चाक हवं म्हणून! विमान उडायला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं अवकाश होता. सायकलसाठी पॅरिसच्या यूजीन मेयरने 1869 मध्ये अशा चाकाचं पेटंट घेतलं. 1874 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा तिरप्या लावल्या, आणि आपण आजही तशाच लावतो. पेडल मारल्यावर हबची फिरकी रिमपर्यंत पोचायला हवी. सरळ तारा त्यासाठी कमी पडतात, तिरप्या मात्र रिमला ओढून नेतात. लंडन आय या आकाशपाळण्याचं 120 मीटर व्यासाचं अवाढव्य चाकही अशाच ताणलेल्या दोरांवर उभं आहे.

मग तारा तुटतात कशाने? तार तुटली की गिऱ्हाईक म्हणतं, "जाड टाका." माझं मत याच्या अगदी उलट आहे. चाक फिरताना प्रत्येक तार जमिनीजवळ आली की सैलावते आणि पुढे गेली की पुन्हा ताणते; मोठ्या चाकात किलोमीटरला पावणेपाचशेच्या आसपास वेळा. मुळातच ताण कमी असेल तर ती दर फेरीला पूर्ण ढिली पडते, हबच्या भोकात हलते आणि वाकवलेल्या टोकापाशी धातू थकून तुटते. मध्ये बारीक आणि टोकांना जाड अशा तारा मिळतात, त्या सगळीकडे सारख्या जाड तारांपेक्षा जास्त टिकतात. मधला बारीक भाग थोडा जास्त लांबतो, त्यामुळे खाली आल्यावरही तिच्यात ताण उरतो.

गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाच्या डाव्या बाजूकडे खास लक्ष ठेवा. उजवीकडे दातेरी चकत्यांना जागा द्यावी लागते, म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या, तर डावीकडच्या मुळातच ढिल्या. नवी सायकल महिनाभर चालवली की चाकातला आऊट (फिरताना होणारी डगमग) काढून घ्याच, आणि त्या वेळी मेकॅनिकला एवढं जरूर सांगा: नुसती रिम सरळ करू नकोस, सगळ्या तारांचा ताण हाताने दाबून बघ.