सोनं नव्हे, सोनी

गेल्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आमचं कवितावाचन होतं. मारुतीच्या देवळासमोर पिंपळाचा पार, खाली सतरंज्या, साठ-सत्तर माणसं. हारतुरे नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत. ज्याला वाटेल त्यानं उठावं, कविता वाचावी, पाठ असेल तर म्हणावी. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे गावोगाव फिरून कविता वाचायचे आणि लोक त्या जिवाचा कान करून ऐकायचे. ती ऐकण्याची सवय मोडू नये, यासाठी माझी धडपड चालते.

माझं दुसरं वेड जुन्या पत्रांचं. याच गावातलं एक घर उतरवताना माळ्यावर एक रुमाल सापडला होता. कागद बांधलेल्या गाठोड्याला रुमालच म्हणतात. घरातले गृहस्थ, वय साठीच्या पुढचं, ते गाठोडं माझ्या हाती देताना म्हणाले, "बघा काही कामाचं आहे का, नाहीतर बंबात जायचं." आत वेखंडाचे तुकडे, शेतसाऱ्याच्या पावत्या, उसनवारीच्या चिठ्ठ्या आणि या सगळ्यात चार घड्या घातलेलं एक मोडी पत्र. मुक्काम बसरा, म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, सन १९१६. त्या गृहस्थांच्या पलटणीत शिपाई असलेल्या पणजोबांनी आपल्या वडिलांना पाठवलेलं.

मोठ्या घराण्यांचे कागद लोकांनी जपले. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ते गावोगाव हिंडून गोळा केले, पुण्याला १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. पण शिपायाचं पत्र कोण जपणार? म्हणून ते हातात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तुर्कांकडून बसरा घेतलं नोव्हेंबर १९१४ मध्ये. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुण्याची सहावी डिव्हिजन कूत-अल-अमाऱ्याला वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. खायचे हाल झाले आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं. पत्रात यातलं अक्षरही नाही, कारण पत्रं सेन्सॉरच्या हाताखालून जात. पत्रात आहे ते फक्त घर. 'तीर्थरूप आबांचे सेवेसी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार' अशी सुरुवात, आणि मग विहिरीला पाणी किती, थोरल्याला शाळेत घातला का, मनीऑर्डर पावली का. अक्षराचं वळण घोटीव आहे. बहुधा पलटणीतल्या कुणा जाणत्याकडून लिहवून घेतलेलं असावं.

मधोमध कसरीनं शिरोरेषेवरून लांबट वाट काढली होती. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, वर डोक्यावरच्या मात्रा गेलेल्या. ती ओळ मी अशी लावली: 'सोने विकले म्हणोन लिहिले ते समजले. पोरांचे तोंडचे गेले याचे वाईट वाटते.' मला त्यात काही खटकलं नाही. दुष्काळी मुलूख, अडचणीत बाईच्या अंगावरचं सोनं मोडलं, असं चित्र मनात तयारच होतं. लिप्यंतर करून मी घरच्यांना दिलं, पुढच्या पुस्तकासाठी त्या मोडलेल्या दागिन्यांवर एक पान लिहूनही ठेवलं.

त्या संध्याकाळी आठ-दहा कविता झाल्या. सातवीतल्या एका मुलीनं स्वतःची कविता वाचली, आवाज थरथरत होता पण एकही ओळ गाळली नाही. मग मला वाटलं, हे पत्र याच गावाला आलं होतं. त्या काळी पत्र आलं की लिहिता-वाचता येणारा एखादा ते मोठ्यानं वाचायचा आणि वाडी ऐकायची. आजही तसंच वाचावं. घरच्यांना विचारलं, ते हो म्हणाले.

मी वाचत 'पोरांचे तोंडचे गेले' पर्यंत आलो आणि पाराच्या कडेला बसलेल्या एक आजी मध्येच बोलल्या.

"सोनं न्हवं ओ. सोनी."

मी थांबलो. "काय म्हणालात आजी?"

"सोनी. गाय आसंल ती. सोनं इकल्यावर पोरांच्या तोंडचं कसं जाईल? दूध गेलं म्हणतोय त्यो. तांबूस गाय आसली की आमच्यात सोनीच म्हणत्यात."

कुणी काही बोललं नाही. मी हातातला कागद बघत राहिलो. महिनाभर त्या ओळीवर बसलो होतो, भिंग घेऊन. आजींनी ती एकदाच ऐकली होती. त्यांना अक्षर येत नाही, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

पुढं पत्र वाचून संपवलं. मग आजींना म्हटलं, तुम्हीही काही म्हणा. आधी नको नको झालं, मग त्यांनी जात्यावरच्या तीन ओव्या म्हटल्या, भावावरच्या. डोळे मिटलेले. समोर जातं नव्हतं, पण उजवी मूठ खुंटा धरल्यासारखी गोल फिरत होती, आणि ओवी संपली की मूठ थांबत होती. आपण छापलेल्या ओव्या वाचतो तेव्हा ही फिरणारी मूठ कागदावर येत नाही, याची मला त्या क्षणी फार हळहळ वाटली.

रात्री मुक्कामी पोचल्यावर मूळ पत्र टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि दिव्याखाली भिंग धरलं. भोकाच्या काठाशी, 'न' च्या उजव्या अंगाला, खाली उतरणारी केसाएवढी रेघ होती. मी ती पुढच्या अक्षराचा भाग धरली होती. नुसत्या मात्रेला अशी रेघ लागत नाही, वेलांटीला लागते. मग पावत्या आणि चिठ्ठ्या पुन्हा एकेक करून उलगडल्या. उसनवारीची म्हणून बाजूला टाकलेली एक चिठ्ठी निघाली. तिच्यात 'गाय एक' इतकंच धड लागत होतं, बाकी पाण्यानं पुसलेलं. ही तीच गाय, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दागिन्यांवरचं ते पान त्याच रात्री काढून टाकलं. लिप्यंतरात शब्द दुरुस्त केला आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'हे वाचन गावातल्या आजींचं.'

सकाळी त्या गृहस्थांना फोन करून चूक सांगितली. ते क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "सर, जरा थांबा, आईला बोलावतो. तेवढी ओळ परत एकदा वाचा, सावकाश."