रोल संपवायचे फोटो

अमेरिकेत रॉचेस्टरला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी आईला नायगाऱ्याचे बेचाळीस फोटो पाठवले. धबधबा इथून गाडीनं साधारण दीड तासावर आहे, त्यामुळे नव्यानं आलेल्या देशी माणसाला कुणी ना कुणी तिथं नेऊन आणतंच. आईनं बेचाळीस फोटोंना मिळून एक अंगठा दिला आणि रात्री फोनवर विचारलं, "ते सगळं बरंय गं, पण तू कपडे कुठं वाळत घालतेस?"

म्हटलं, मशीनमध्येच वाळतात.

"मशीनमध्ये? दाखव बघू."

म्हणून तळघरात जाऊन ड्रायरचा फोटो काढला. पिवळट दिवा, नाणी टाकायची खाच, वर कुणीतरी विसरून गेलेला एकच मोजा. नायगाऱ्याला अंगठ्यावर भागवणाऱ्या आईनं या फोटोवर आठ मेसेज केले. एका वेळी किती कपडे मावतात, साडी घातली तर गोळा होत नाही का, आणि तो मोजा कुणाचा?

तेव्हा मला बाबांचा कॅमेरा आठवला. सांगलीच्या घरी तो कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर असायचा. ३६ चा रोल. नीट भरला तर सदतिसावा फोटो निघायचा आणि बाबा दिवसभर खुशीत असायचे. वाढदिवस, गणपती, नरसोबाच्या वाडीची सहल, असं करत रोल वर्षभर पुरवायचा. मग कधीतरी मावशीच्या लग्नाचे फोटो बघायची घाई व्हायची, आणि रोलमध्ये नेमके तीन शिल्लक असायचे. ते सोडून रोल धुवायला टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. बाबा म्हणायचे, "चला, रोल संपवूया." मग एक तुळशीवृंदावनाचा, एक स्कूटरचा, आणि एक गच्चीवर कुरडयांची राखण करणाऱ्या आजीचा. ती कपाळावर हात धरून वर बघत ओरडतेय, "माझा कशाला काढतोस रे, वाया जाईल!"

आज तो अल्बम काढला की वाढदिवसाची पानं आम्ही भराभर उलटतो. केक, सुरी, लाल डोळे, दरवर्षी तेच. आजीचा तेवढा एकच फोटो असा आहे, ज्यात ती आजीसारखी दिसते.

गंमत म्हणजे मी येऊन पडले तेही कोडॅकच्याच गावात. ज्या पिवळ्या खोक्यांतले रोल बाबा जपून वापरायचे, ती कंपनी इथली. संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या ईस्ट अव्हेन्यूवरच्या बंगल्यात आता फोटोग्राफीचं संग्रहालय आहे. १८८८ साली त्यांनी जो पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, त्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असायचा. शंभर झाले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा. कंपनी फोटो धुवून, नवा रोल भरून परत करायची. तेव्हाही कुणीतरी सत्त्याण्णवावर अडकून अंगणातल्या कोंबडीचे तीन फोटो काढले असणार, अशी माझी खात्री आहे. १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेराही इथंच, कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. साडेतीन किलोंहून जड, आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. पुढं डिजिटलनंच फिल्मचं काय केलं ते आपण पाहिलंच. २००७ मध्ये इथल्या कारखान्याच्या काही इमारती स्फोटकं लावून पाडल्या, आणि २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

आमच्या शेजारचे आजोबा त्या कारखान्यात होते. एकदा दोघंही दारासमोरचा बर्फ फावड्यानं ओढत होतो, तेव्हा म्हणाले, फिल्म बनायची ती मिट्ट काळोखात. किती पावलांवर वळायचं हे पायांना पाठ असायचं. जन्मभर फिल्म बनवली, पण आपण बनवतो ते उजेडात बघायचं नाही. बघितलं की वाया. एवढं बोलून ते परत फावडं मारायला लागले. मी मात्र थोडा वेळ तशीच उभी राहिले.

तर त्या पहिल्या हिवाळ्यात मी ठरवलं, रोज तीन फोटो, रोल संपवायचे. कुठं मुद्दाम जायचं नाही. डिसेंबरात इथं साडेचारला सूर्य मावळतो, आणि मोसमभरात सरासरी अडीच मीटर बर्फ पडतो. बर्फाचे पहिले फोटो राखेसारखे आले. कॅमेऱ्याला वाटतं समोर फारच उजेड आहे, म्हणून तो सगळं काळवंडून टाकतो. फोनवर बर्फाला बोट लावून उजेडाची खूण थोडी वर सरकवली की बर्फ पांढरा होतो. फोन आतल्या खिशात ठेवायचा, नाहीतर थंडीनं चाळीस टक्क्यांवरच मान टाकतो. आणि कॅमेरा घरात आणताना आधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, म्हणजे दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही. हे शेवटचं मी हात पोळून शिकले.

माझा सगळ्यात आवडता फोटो माझ्या बुटांचा आहे. इथं बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाणी बुटांवर सुकलं की काळ्या चामड्यावर पांढरी वेडीवाकडी रेघ उमटते. पायपुसण्यावर बूट काढून ठेवले होते, खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, आणि ती रेघ बघून एकदम आमच्या घराची भिंत दिसली. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी जिथवर चढलं होतं, तिथं अशीच रेघ राहिली होती. बाबांनी वरून रंग दिला, तरी पावसाळ्यात ती पुन्हा दिसते. आईला फोटो पाठवला, काहीच लिहिलं नाही. तिचं उत्तर आलं, "आपल्या भिंतीगत."

याला कुणी एकटेपणावरचा उपाय म्हणालं तर मला हसू येईल. कित्येक दिवस तीन फोटो काढूनही रात्र तेवढीच लांब असायची, आणि काही दिवस तिन्ही फोटो एकाच चहाच्या कपाचे आहेत. पण दुपारचे तीन वाजले की आपोआप उजेडाकडे लक्ष जायला लागलं. बसच्या काचेवर कुणीतरी बोटानं काढलेलं मांजर, तव्यावर फुगायला आलेल्या भाकरीचा पदर सुटायचा क्षण. या भाकरीच्या फोटोची मला फार ऐट होती. आईनं तो मोठा करून बघितला आणि कळवलं, "मागं टोपलीत कांद्याला कोंब आलेत, आधी ते वापर."

मे महिन्यात हायलंड पार्कात लायलॅक फुलतात. जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी टेकडीच्या टेकडी भरते, गाव लोटतं, सुगंध तर विचारू नका. मी तासभर फोटो काढले, अगदी मनापासून. आईकडून आला अंगठा.

परवा मात्र तिनंच एक फोटो पाठवला, तिच्या हातचा पहिलाच. अर्धा तिच्या बोटानं झाकलेला. उरलेल्या अर्ध्यात आमची गच्ची, वाळत घातलेली तिची हिरवी नऊवारी, चिमट्यांना लटकलेले बाबांचे दोन बनियन, आणि खाली लिहिलेलं, "आज कडक ऊन आहे. तासात वाळले."