वीस नंबरची जाळी

कोईमतुरात दागिन्यांच्या कारखान्यातला केर कोणी फेकत नाही, कारण त्यात सोन्याचा कीस असतो. चटया, कारागिरांचे ॲप्रन, पॉलिशच्या बफाची लव, झिजलेले एमरी पेपर, हात धुतलेल्या पाण्याचा तळाशी बसलेला गाळ, सगळं पोत्यात भरून आमच्याकडे येतं. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली माणसं, गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी इथे राहिलेली. केर जाळायचा, राख कुटून चाळायची, सोरा (सॉल्टपीटर) आणि टाकणखार (बोरॅक्स) घालून मुशीत, म्हणजे भट्टीत तापवायच्या भांड्यात, गाळायची, हे रोजचं काम.

हे पोतं मात्र जाळण्यासारखं नव्हतं. सेटिंगच्या, म्हणजे दागिन्यात खडे बसवण्याच्या कारखान्याचा मालक ते स्वतः घेऊन आला होता. त्याच्याकडची 60 हिऱ्यांची पुडी नाहीशी झाली होती. एकेक खडा 1.3 मिलिमीटरचा, म्हणजे साधारण एक सेंटाचा, कॅरटच्या शंभराव्या भागाचा. पुडी बंगालातल्या मेदिनीपूरकडच्या एका विशीतल्या कारागिराच्या पाटावर होती, आणि त्याला मालकाने कधीच हाकलून दिलं होतं. ‘हिरे त्याने नेले. तुम्ही भट्टी लावा, सोनं काढून द्या,’ एवढंच त्याचं म्हणणं.

मी भट्टी लावायला नकार दिला. हिरा म्हणजे शेवटी कार्बन. हवेत आठशे अंशांच्या पुढे तापला की जळायला लागतो आणि सोऱ्यात तर त्याहून लवकर संपतो. स्मिथसन टेनंट नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1797 साली हिरा सोऱ्यात तापवूनच तो कार्बन असल्याचं सिद्ध केलं होतं. आमच्या मुशीत तोच सोरा असतो. केरात खडे असते तर त्यांचा मागमूस राहिला नसता आणि त्या पोरावरचा आळ कायमचा पक्का झाला असता. आमच्या धंद्यात पुष्कळजण सेटिंगचा केरही न चाळता भट्टीत लोटतात. वेळ वाचतो, पण ते काम बरोबर नाही.

चाळण्या मी घरीच बनवतो. रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या खाली निमुळत्या असतात, म्हणून एकीत एक बसतात. बादलीचा तळ कापताना कडेने दोन बोटं रुंद काठ ठेवायचा, त्यावर स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी ताणून बसवायची आणि दुसऱ्या बादलीतून कापलेलं कडं वरून दाबून बोल्ट मारायचे. खरी मेहनत त्यानंतरची. जाळी आणि कडं यांच्यामधल्या फटीत खडे हमखास अडकतात. तो सगळा कोपरा एम-सीलने भरून आतल्या बाजूला उतार द्यावा लागतो. बोट फिरवल्यावर कुठे खाच लागली तर मी ते काढून पुन्हा करतो.

जाळीच्या नंबरात लोक फसतात. नंबर म्हणजे एका इंचात किती घरं. दुकानदार तेवढंच सांगतो, तारेची जाडी सांगत नाही. 16 नंबरची जाळी 0.4 मिलिमीटर तारेची असेल तर भोक उरतं 1.19 मिलिमीटर. त्यावर 1.3 चा खडा थांबेल असं कोणालाही वाटेल. पण घर चौकोनी आहे, त्याचा कर्ण 1.68 भरतो, आणि पैलू पाडलेला हिरा चपटा असतो. तो कडेवर उभा झाला की कर्णातून सरळ खाली जातो. हिऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या चाळण्यांना गोल भोकं असतात ती याचसाठी. म्हणून मी वर 12 नंबर आणि खाली 20 नंबर लावला. त्याच तारेच्या 20 ला भोक 0.87 चं, कर्णही 1.3 पेक्षा कमी. त्याच्याखाली सोन्याच्या किसासाठी 40.

केर कोरडा चाळला तर धूळ प्लास्टिकला चिकटते, म्हणून पाण्यातच चाळायचा. हिऱ्याला पाण्यापेक्षा तेल जवळचं. हातांचा, पॉलिशचा ओशटपणा लागलेला बारीक खडा पाण्यावर तरंगूही शकतो. भांडी घासायचा साबण घातला की तो बुडतो. पाणी कोमटच हवं, कारण सेटिंगच्या केरात लाख असते आणि गरम पाण्यात ती मऊ होऊन जाळी बुजवते.

20 नंबरवर राहिलेल्या मालातून लोहचुंबकाने लोखंड काढलं, उरलेलं घमेल्यात फिरवलं. साधी वाळू 2.65 घनतेची, हिरा 3.52 चा. वाळू आधी निघून जाते. हाती आले नऊ खडे. मालक म्हणाला, ‘बाकीचे गेले ना त्याच्या खिशात.’

12 नंबरवर लाखेच्या खपल्या उरल्या होत्या. भाचा त्या जाळायच्या ढिगावर टाकायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. दागिना घट्ट धरायला सेटर लाख तापवून मऊ करतात, आणि मऊ लाख समोर पडेल ते गिळते. खपल्या रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवल्या. सकाळी तांबूस चिखल झाला होता. तो त्याच चाळण्यांतून धुतल्यावर आणखी 44 खडे निघाले.

‘मामा, हे सगळे पुडीतलेच,’ भाचा म्हणाला. माप, रंग, सगळं तेच होतं.

मालकाचं उत्तर मी विसरू शकत नाही. पोराने मुद्दामच लाखेत दाबले असतील, नंतर काढून न्यायला, असं तो म्हणाला. केराचं पोतं मालकाच्या कुलपात असतं, वजन तोच लिहितो, कारागिराच्या हाती ते कधीच लागत नाही, हे मी त्याच्यासमोर बोललो. त्याने खडे मोजून घेतले, मजुरी दिली. मग म्हणाला, ‘सात कमी आहेत.’

त्या सातांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या कारखान्यात पाटांखाली व्हॅक्यूम फिरवतात आणि त्या यंत्राची पिशवी पोत्यात नव्हती. त्या पोराचा फोन लागत नाही. त्याच्या गावचा एक कारागीर शेजारच्या गल्लीत बसतो. कोणत्या चाळणीवर किती खडे मिळाले ते कागदावर लिहून, सही करून मी त्याच्याकडे दिलंय, कारण दुसऱ्या कारखान्यात काम मागताना त्या पोराला ते दाखवता येईल. पिशवी फुकट चाळून देतो, असा निरोप मालकाला दोनदा पाठवला. त्याने ती अजून पाठवलेली नाही.