सावळीकडे पाठ करून बसणारी बाई

पुण्याजवळच्या ज्या शेल्टरमध्ये मी दर रविवारी मदतीला जाते, तिथे सावळी नावाची एक गावठी कुत्री चौदा महिने होती. वय साधारण अडीच वर्षे, अंग काळपट तपकिरी, शेपटीचे टोक तेवढे पांढरे, आणि डाव्या कानाला नसबंदी झाल्याची खूण म्हणून कापलेली खाच. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झाले की त्यांना जिथून उचलले तिथेच परत सोडावे, असे २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात. पण सावळी दुसऱ्यांदा आली ती गाडीखाली सापडून, मागचा पाय मोडलेल्या अवस्थेत. पाय जुळून येईपर्यंत ती ज्या बांधकामावर वाढली ते काम संपले होते, तिला भाकरी घालणारी मजुरांची वस्ती उठून गेली होती आणि तिथे फाटक लागले होते. तिला परत सोडायला जागाच उरली नव्हती, म्हणून आम्ही तिच्यासाठी घर शोधू लागलो.

शेल्टरमध्ये येणाऱ्या बहुतेकांचे तिच्याविषयीचे पहिले वाक्य एकच असे : ‘ही किती शांत आहे!’ आजूबाजूच्या पिंजऱ्यांतली कुत्री जाळीवर पाय ठेवून भुंकत असताना ही कोपऱ्यात भिंतीला चिकटून निश्चल बसलेली असे, आणि कोणी पाठीवर हात ठेवला तरी हलत नसे. पण तिच्याजवळ थोडा वेळ थांबले की वेगळेच दिसू लागे. तोंड घट्ट मिटलेले, कान मागे चिकटलेले, मान दुसरीकडे वळवलेली आणि डोळ्यांच्या कडेला बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या भागाची कोर दिसणारी. झोप आलेली नसताना ती जांभई देई, खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवी. हात पाठीवर असेपर्यंत तिचा श्वास जवळजवळ थांबलेला असे आणि हात उचलला की एकदम बरगड्या हलू लागत. ती भीतीने गोठत असे. पळायला वाट नाही आणि चावण्याचे धाडस नाही, अशा वेळी कुत्र्याजवळ एवढाच उपाय उरतो.

हे मला ठाऊक होते, आणि तरीही तिच्या पहिल्या घराच्या वेळी मी चूक केली. दत्तक देण्यासाठी जो मजकूर मी लिहिला त्यात ‘शांत स्वभावाची’ असे शब्द होते, आणि छायाचित्र मुद्दाम असे निवडले होते की त्यात तिचे डोळे मोठे आणि करुण दिसावेत. भित्री असे लिहिले तर कोणी पुढे येणार नाही, ही माझी धास्ती होती. ऑगस्टच्या अखेरीस एक कुटुंब आले. आई-वडील, दोन मुले, सगळी मनापासून प्रेमळ माणसे. घर नदीजवळच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर होते. सावळीने त्याआधी जिना पाहिला नव्हता, लिफ्टचे तर नावच नको. मुलांनी तिच्यासाठी गादी शिवून घेतली होती, नातेवाईक तिला पाहायला येत होते, आणि संध्याकाळ झाली की नदीकाठी गणपतीसाठीचा ढोल-ताशाचा सराव सुरू होई. चार दिवस ती न्हाणीघरात कमोडच्या मागे बसून राहिली; खाल्ले ते फक्त रात्री, दिवे मालवल्यावर. चौथ्या दिवशी धाकट्या मुलाने तिला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती गुरगुरली. ते तिला परत घेऊन आले तेव्हा त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. ‘आमचे काय चुकले?’ असे त्यांनी विचारले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्यांना खरे सांगितले गेले नव्हते, आणि ते सांगण्याचे काम माझे होते.

पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला जगाचा भाग वाटू लागते. त्या काळात ज्याच्या वाट्याला कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, फरशीवरून सरकणारी खुर्ची आलेली नसते, त्याला पुढे यांतली प्रत्येक गोष्ट सावकाश, एकेक करून शिकवावी लागते. सावळीला सिमेंटच्या मिक्सरचा आवाज चालत असे आणि स्वयंपाकघरातल्या मिक्सरने ती जमिनीला चिकटत असे. म्हणून आपल्या दत्तक-अर्जातले नेहमीचे प्रश्न, म्हणजे घर स्वतःचे आहे का, खर्च परवडेल का, सोसायटीची हरकत आहे का, हे अशा कुत्र्यांसाठी अपुरे पडतात असे माझे मत झाले आहे. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर किंवा त्याने लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५ सालीच परिपत्रक काढून स्पष्ट केले आहे; पण ज्या कुत्रीला लिफ्टचे दार सरकताना पाहूनच लघवी होते, तिच्या तो हक्क काय कामाचा? तिच्यासाठी तळमजला हवा, आवाज थोडे आणि रोजचेच हवेत, आणि शक्य असल्यास घरात दुसरे एखादे निर्धास्त कुत्रे हवे, कारण माणसावर विश्वास ठेवावा की नाही हे भित्रे कुत्रे दुसऱ्या कुत्र्याकडे पाहून लवकर ठरवते.

या वेळी मी मजकूर बदलला. ‘ही भित्री आहे. कदाचित कित्येक महिने तुमच्याजवळ येणार नाही. जवळ आलीच नाही तरी चालेल, असे वाटत असेल तरच या,’ असे लिहिले. तीन महिने एकही फोन आला नाही.

जानेवारीत सासवडहून एक मावशी आल्या. वय साठीच्या आसपास, घरीच शिवणकाम करणाऱ्या. घर बैठे, अंगणाला पुरुषभर उंचीची भिंत, आणि सोबतीला राजा नावाचा बारा वर्षांचा गावठी कुत्रा, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला. सावळी कशी आहे ते मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘मी तिच्या खोलीत बसून माझे काम करू का?’ मग पिशवीतून एक ब्लाउज काढून, सावळीकडे पाठ करून, दाराशी पाट टाकून त्या हातशिलाई घालत बसल्या. तासभर त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही, चुचकारले नाही, हाक मारली नाही. जाताना उकडलेल्या कलेजीचे चार तुकडे पाटाच्या जागी ठेवले आणि उठल्या.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेल्टरमध्ये येणाऱ्या चांगल्या माणसांमध्ये मला तोच जिव्हाळा दिसतो आणि त्याला मी मनोमन नमस्कार करते. पण भ्यालेल्या कुत्र्याला मागून येणारी वाटी दिसत नाही, फक्त पावले ऐकू येतात. वाटी खाली ठेवून तिच्याकडे पाठ करणे प्रेमळ माणसाला फार जड जाते, कारण त्यात प्रेम दाखवण्याची सोय नसते. मावशींना ते कोणी शिकवावे लागले नाही.

त्या पाच रविवार आल्या. दुसऱ्या रविवारी सावळीने त्या असतानाच कलेजी खाल्ली. तिसऱ्या रविवारी राजालाही आणले. तो म्हातारा पिंजऱ्याबाहेर अंग टाकून घोरू लागला आणि सावळी पहिल्यांदा भिंत सोडून जाळीपर्यंत आली. चौथ्या रविवारी मी बाहेरून पाहत होते. मावशींच्या मांडीवरून दोऱ्याचे रीळ घरंगळत मागे गेले. सावळीने मान लांब करून ते हुंगले, मग त्यांच्या पदराचे टोक हुंगले, आणि पुन्हा आपल्या जागी गेली. मावशींची सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही तिला सासवडला नेले. गणपती ते दिवाळी या काळात भित्रे कुत्रे नव्या घरी पाठवायचे नाही, हे आता मी पक्के ठरवले आहे. नव्या जागेत बुजलेले कुत्रे पळाले तर ते ओळखीच्या हाकेलाही थांबत नाही, आणि दत्तक गेलेली बरीच कुत्री अशीच पहिल्या काही दिवसांत हरवतात. म्हणून छातीभोवती बांधायचा हार्नेस आणि गळपट्टा अशा दोन्हींना वेगवेगळे पट्टे लावले, आणि घराचे दार लावून घेतल्यावरच गाडीतून आणलेला क्रेट, म्हणजे तिचा प्रवासाचा पिंजरा, उघडला. मावशींनी तिची जागा आधीच केली होती : पायमशीनच्या बाजूला, कपाटाआड, खाली जुने गोधडे. ज्या चादरीवर ती शेल्टरमध्ये झोपत असे, ती न धुता वर अंथरली. महिनाभर पाहुण्यांना यायचे नाही असे बजावले होते. तेरा दिवस ती रात्रीच अंगणात गेली, तीही राजाच्या मागोमाग. मशीनचा आवाज मात्र तिला पहिल्या आठवड्यातच चालू लागला, कारण तो रोज त्याच वेळी सुरू होई आणि त्या आवाजात मावशी कधीच उठून तिच्याकडे येत नसत.

जूनमध्ये मी तिला भेटायला गेले. कपाटाआडून पांढरे टोक तेवढे दिसले. ती बाहेर आली नाही आणि मीही बोलावले नाही. राजाने माझ्या हातावर नाक टेकवले, मावशींनी चहा केला, आणि तासाभराने मी निघाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. फाटक लागल्याचा आवाज झाल्यावर सावळी बाहेर आली, मी बसले होते ती चटई तिने कडेकडेने सगळी हुंगली, आणि मग मशीनखाली मावशींच्या डाव्या पावलावर हनुवटी ठेवून झोपली. ‘तेव्हापासून उजव्या पायानेच मशीन चालवते आहे,’ असे त्या म्हणाल्या.