आजोबांचा थम लागतो
सिंधुदुर्गातल्या एका गावात आमच्या बचत गटाकडे रेशनचं दुकान आहे. मशीनवर मी बसते. तांदूळ मोजणं यातलं सगळ्यात सोपं काम. खरं कसब थम, म्हणजे बोटाचा ठसा, लावून घेण्यात. म्हातारी माणसं काचेवर बोट असं दाबतात की विहिरीवरचा पंपच सुरू करायचाय. रेषा पसरतात आणि मशीन नाही म्हणतं. हात साबणाने धुवायचा, कोरडा करायचा, काच पुसायची, बोट नुसतं टेकवायचं. अंगठा नाही लागला तर तर्जनी, तीही नाही तर डाव्या हाताची अनामिका. ती बहुधा कमी झिजलेली असते. लावणीवरून थेट आलेल्या बायकांची बोटं पाण्याने सुरकुतलेली असतात, त्यांना मी आधी तासभर बाकड्यावर बसवते. आम्हाला मशीन देताना यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं.

एका आजींपुढे मात्र माझं सगळं कसब संपलं. वय 78, प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, कार्डावर दोनच नावं. माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला दहा किलो धान्य. ते आजोबा उचलतात, त्यांचा थम पहिल्या झटक्यात लागतो. त्यांनी काजू फोडले नाहीत ना! आजींनी मात्र 30 वर्षं कारखान्यात फोडले. टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल लावा, थोडं लागायचंच. त्यांचं बोट मी उजेडात धरून बघितलं. टोक गुळगुळीत, भाजून पुन्हा आलेल्या कातडीसारखं चकचकीत. रेष म्हणून नाही.

धान्य न्यायला घरातल्या एकाचा थम पुरतो, पण ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, ज्याची त्याने करायची. नाही झाली तर त्या माणसाचे पाच किलो बंद. म्हणजे बोटं जिची गेली, धान्यही तिचंच जाणार. डोळ्याचं स्कॅनर लावून बघितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पाणी. तेही हरलं. वर फोन केला तर उत्तर आलं, "पुन्हा प्रयत्न करा." हे सांगणाऱ्या माणसाने स्वतः एकदा तरी एखाद्या म्हातारीचा हात हातात धरून बघावा.

मीही वेगळं काय केलं? तीन महिने "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत त्यांना परत पाठवलं. पाखाडीच्या दीडशे पायऱ्या, काठी टेकत. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "बाय, तुजा मशीन माका वळखना नाय. तू तरी वळखतंस मा?"

चेहऱ्यावरून ई-केवायसी करायचं ॲप तेव्हाही माझ्या फोनमध्ये होतं. ते मुंबईकरांसाठी, असं मीच मनात धरून बसले होते.

त्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि आजींना रिक्षात घालून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर नेलं. आमच्याकडे रेंज तिथेच. आधारला नंबर मुलाचा. तो मुंबईत रात्रपाळीचा वॉचमन, दिवसा झोपलेला. सहाव्या रिंगला उठला. "आये, आकडे इले, लिव," म्हणून त्याने ओटीपी सांगितला, पण तो माझ्याकडून टाकून होईपर्यंत वेळ संपली. पुन्हा मागवला. मग चेहरा. वाऱ्याने पदर तोंडावर येत होता, तो रिक्षावाल्याने मागून धरला. ॲप म्हणतं, डोळे मिचकावा.

"डोळे मिचकावूचे? ह्या वयात?"

रिक्षावाला हसायला लागला आणि पदर सुटला. पुढच्या खेपेला आजींनी डोळे मिटले ते देवळात उभ्या असल्यासारखे, उघडेचनात. चौथ्या वेळी एकदाची हिरवी खूण आली. वेळ बघितली, सगळं मिळून पंचवीस मिनिटं.

आजींना मी सांगितलं, झालं तुमचं. त्यांनी बोटांकडे बघितलं, मग फोनकडे. "मगे पयलाच तोंड कित्या नाय बघलंस?"

थम न लागलेल्यांची नावं मी एका वहीत लिहून ठेवते. अजून नऊ आहेत. त्यातल्या दोघी पाखाडीच्या वर राहतात आणि दोघींनाही मी पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलेलं आहे.