तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र कोटींना गेलं, चित्रकाराला किती मिळाले?

लंडनमधल्या एका गॅलरीत मी आफ्रिकी वंशाच्या चित्रकारांची चित्रं दाखवते, विकते. पुण्याला आले की कुणीतरी लिलावाची बातमी पुढे करून विचारतंच, "एवढे कोटी आले, त्यातले चित्रकाराला किती?"

बहुतेक वेळा जवळजवळ काहीच नाही.

गॅलरीतून चित्र पहिल्यांदा विकलं जातं तेव्हा साधारण निम्मे पैसे चित्रकाराला आणि निम्मे गॅलरीला मिळतात. पुढे घेणाऱ्याने ते लिलावात काढलं तर येणारी रक्कम त्याची. अमेरिकी चित्रकार केरी जेम्स मार्शल यांचं 'पास्ट टाइम्स' हे भलंमोठं चित्र घ्या. बागेत निवांत सुट्टी घालवणारं कृष्णवर्णीय कुटुंब. शिकागोतल्या एका सार्वजनिक संस्थेने ते १९९७ मध्ये २५ हजार डॉलरना घेतलं आणि २०१८ मध्ये लिलावात ते २ कोटी ११ लाख डॉलरना गेलं. पुनर्विक्रीतला वाटा चित्रकाराला द्यावा, असा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून आहे, पण चित्र कितीही महाग गेलं तरी तो वाटा १२,५०० पौंडांच्या वर जात नाही.

घानाची राजधानी आक्रा, तिथला चित्रकार अमोआको बोआफो चेहरे बोटांनी रंगवतो. त्याच्या 'द लेमन बेदिंग सूट'चा अंदाज होता ३० ते ५० हजार पौंड. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ते ६ लाख ७५ हजारांना गेलं, रंगवून पुरतं वर्षही झालेलं नसताना. लोकांना हे यश वाटतं, मला धास्ती वाटते. भाव असा उसळला की लहान संग्रहालयांना चित्र परवडत नाही, आणि सट्टेवाले निघून गेले की पडलेल्या भावाचा डाग चित्रकाराच्या नावावर राहतो.

म्हणून पहिल्या आलेल्याला मी चित्र देत नाही. कुठे लावणार, किती वर्षं ठेवणार, हे विचारते. शक्यतो संग्रहालयाला आधी. विकायचंच झालं तर आधी आम्हाला विचारा, असं लिहून घेते. काहींना हा तोरा वाटतो. वाटू दे.

कारण या कलेला जागाच नव्हती, त्याला फार काळ लोटलेला नाही. १९७४ मध्ये लिंडा गूड ब्रायंट यांनी न्यूयॉर्कच्या ५७व्या रस्त्यावर, बड्या गॅलऱ्यांच्या शेजारात, 'जस्ट अबव्ह मिडटाउन' ही कृष्णवर्णीय कलावंतांची गॅलरी काढली. कलावंत डेव्हिड हॅमन्सने तिथे तेलकट कागदी पिशव्या आणि हाडं मांडली. भाड्याची, बिलांची ओढाताण सतत. १९८६ मध्ये ती बंद झाली, आणि त्याच शहराच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तिच्यावर प्रदर्शन भरवलं ते २०२२ मध्ये!

चित्रकाराच्या हातात पैसा पडला तर काय होतं, तेही पाहा. त्याच २०२२ मध्ये बोआफोने आक्रात 'डॉट.अतेलिए' उभं केलं. तिथे इतर चित्रकार येऊन राहतात, काम करतात.

तुम्हाला खरंच घ्यायचं असेल तर ऑक्टोबरात लंडनला या. तूरिया एल ग्लाउई यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला आफ्रिकी कलेचा '१-५४' मेळा सॉमरसेट हाउसमध्ये भरतो. नावातले ५४ म्हणजे आफ्रिकेतले देश. नामवंतांच्या मागे धावू नका. ज्याचं नाव अजून ऐकलेलं नाही, त्याच्या चित्रासमोर थांबा आणि थेट गॅलरीकडून घ्या. त्यातले निम्मे त्याचे.