सॉल्ट लेक सिटी: ब्रिगम यंगची पत्रं आणि उशिरा पोचलेलं उत्तर

यलोस्टोनला किंवा युटातली नॅशनल पार्कं बघायला निघालेली बहुतेक मंडळी सॉल्ट लेक सिटीत टेंपल स्क्वेअरला, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्य आवाराला, एक चक्कर मारतात आणि गाडी काढतात. इतिहासाची आवड असेल तर इथे एक दिवस जास्त ठेवा आणि शेजारच्याच चर्च हिस्टरी लायब्ररीत जा. पत्ता १५ ईस्ट नॉर्थ टेंपल स्ट्रीट. प्रवेश फुकट, आणि तुम्ही कुठल्या धर्माचे हे कुणी विचारत नाही.

इथे ब्रिगम यंगचं सगळं दप्तर आहे. १८४४ मध्ये जमावाने मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा खून केला, त्यानंतर मॉर्मन लोकांना पश्चिमेकडे घेऊन येणारा हा माणूस. जुलै १८४७ मध्ये तो या खोऱ्यात पोचला, पुढे युटा टेरिटरीचा (युटा तेव्हा अजून राज्य झालं नव्हतं) पहिला गव्हर्नर झाला आणि १८७७ मध्ये मरेपर्यंत चर्चचा कारभार त्याच्याच हातात होता. शाळा जेमतेम काही दिवसांची, त्यामुळे स्वतः लिहिलेल्या पत्रांत स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं. गव्हर्नर झाल्यानंतरची बरीचशी पत्रं मात्र कारकुनांच्या हातची आहेत.

जाणाऱ्या पत्रांची नक्कल ठेवायची त्या काळची रीत समजून घेतली की वाचन सोपं होतं. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर केलेला, अगदी पातळ कागद ठेवून लोखंडी यंत्रात दाबायचा. शाई त्यावर उलटी उमटते, पण कागद इतका पातळ की दुसऱ्या बाजूने अक्षर सरळ दिसतं. अशा कागदांच्या जाडजूड वह्या म्हणजे लेटरप्रेस कॉपीबुकं. कुठे शाई पसरून ओळीच्या ओळी डाग झाल्यात, कुठे अक्षर इतकं फिकं की स्क्रीनवर कॉन्ट्रास्ट वाढवल्याशिवाय काही लागत नाही. सुरुवातीला वेग फार कमी असतो. एका कारकुनाचं वळण ओळखीचं झालं की पुढची पानं भराभर सरकतात.

या संग्रहाचा क्रमांक सीआर १२३४ १. यातला मोठा भाग स्कॅन होऊन चर्चच्या ऑनलाइन कॅटलॉगवर आहे, म्हणून घरूनच पानं हेरून ठेवा. स्कॅन झालेल्या कागदांची मूळ प्रत मिळेल अशी आशा धरू नका. तरी तिथे जायचं ते मदतीसाठी. एखादा शब्द अडला तर वाचनकक्षातली माणसं मनापासून तुमच्याबरोबर डोकं घालतात. पासपोर्ट किंवा लायसन्स बरोबर ठेवा, लिहायला पेन्सिल न्या. रविवारी बंद. बाकी दिवसांच्या वेळा निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघा. विमानतळावरून ट्रॅक्स या शहरी ट्रेनची ग्रीन लाइन पकडून टेंपल स्क्वेअर स्टेशनला उतरलं की पुढे चालत जाता येतं, गाडी लागत नाही.

वेळ कमी असेल तर एकच पत्र ठरवून जा: १० सप्टेंबर १८५७, दक्षिण युटातल्या सीडर सिटीचा मॉर्मन पुढारी आयझॅक हेट याला लिहिलेलं. त्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी युटाकडे फौज पाठवली होती आणि सगळा मुलूख धास्तावलेला होता. तशात आर्कन्सॉहून कॅलिफोर्नियाला निघालेला वाटसरूंचा एक तांडा दक्षिण युटातून चालला होता. त्याचं काय करायचं हे विचारायला जेम्स हॅसलम नावाचा स्वार सीडर सिटीहून सुमारे ४०० किलोमीटर दौडत यंगकडे आला. यंगने लगेच उत्तर दिलं. आधी फौजेची बातमी: या वर्षी ती इथवर पोचणार नाही. मग तांड्याबद्दल: त्यांच्या वाटेला जाऊ नका, जायचं असेल त्यांना सुखाने जाऊ द्या. आणि मध्येच एक वाक्य: इंडियन (म्हणजे इथले मूळ रहिवासी) लोक त्यांच्या मनाला येईल ते करतील, असं आम्ही धरून चाललोय.

हॅसलम तसाच उलट निघाला आणि १३ तारखेला पोचला. ११ तारखेलाच माउंटन मेडोज इथे स्थानिक मॉर्मन मिलिशियाने (नागरिकांच्या फौजेने), तिथल्या पायूट या मूळ जमातीच्या काही लोकांना बरोबर घेऊन, सुमारे १२० जणांना मारलं होतं. वाचली ती फक्त १७ लहान मुलं. मूळ पत्र हरवलं, कॉपीबुकातली नक्कल तेवढी राहिली. हे पत्र यंगला निर्दोष ठरवतं की त्या मधल्या वाक्यात दुसरंच काही आहे, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर तांड्याला जाऊ द्या हा हुकूम स्पष्ट आहे. पण त्याआधीचे काही आठवडे चर्चच्या व्यासपीठावरून जी भडक भाषा चालली होती, तिची जबाबदारी एका पत्राने धुऊन निघत नाही. म्हणून हे पत्र सुटं वाचू नका. ऑगस्टपासूनची पानं उलटत या, आजूबाजूची घबराट कळते.

मराठी माणसाला शोधायला इथे आणखी एक विषय आहे. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यातही प्रचार करून गेला. कॅटलॉगमध्ये त्याचं नाव घालून बघा.

लायब्ररीतून बाहेर पडल्यावर यंगची घरं, बीहाइव्ह हाउस आणि लायन हाउस, पायी जाण्याइतक्या अंतरावर आहेत. फर्स्ट अव्हेन्यूवर त्याची कबरही आहे. अर्ध्या तासात उरकतं.

खरा वेळ माउंटन मेडोजला द्या. आय-१५ हायवेने दक्षिणेला सीडर सिटी, तिथून ५६ नंबरने पश्चिमेला आणि मग १८ नंबरने एंटरप्राइझवरून खाली. साधारण पाच तास धरा. हॅसलमला यातल्या सीडर सिटीपर्यंतच्याच पल्ल्याला तीन दिवस लागले, हे स्टिअरिंगवर बसल्यावर नीट उमगतं. टेकडीवर मृतांच्या नावांची शिळा आहे, खाली कुरणात १९९९ मध्ये बांधलेलं स्मारक. आर्कन्सॉतले वंशज अजूनही इथे येतात, तेव्हा मोठ्याने बोलणं आणि सेल्फी टाळा. सावली जवळपास नाही, पाणी भरपूर घ्या. पेट्रोल सीडर सिटीतच भरा. उंची १,७०० मीटरच्या वर असल्याने हिवाळ्यात बर्फ पडतं, तेव्हा रस्त्याची स्थिती बघूनच निघा. मुक्काम सेंट जॉर्जला केलात तर दुसऱ्या दिवशी झायन नॅशनल पार्क हाताशी येतं.